पट फिरवून पाहा

मृग जवळ आला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघर एकच बोलणे सुरू होते. यंदा कोणत्या वावरात काय पेरायचे? वणीकडचा शेतकरी असो, दारव्ह्याचा असो की पुसद-उमरखेडकडचा असो, तो दुकानात दिसेल ते प्रत्येक बियाणे उचलून आणीत नाही. आपली जमीन काळी की बरड, पाण्याची सोय काय, घरात राबणारे हात किती, हे पाहून तो दोन-तीन पिके ठरवतो आणि वर्षभर त्यांच्याच मागे लागतो.

आज मी बोलणार आहे बुद्धिबळाविषयी. आपण म्हणाल, मग ही पेरणीची गोष्ट मध्येच कशाला? सांगतो. बुद्धिबळाच्या डावातल्या पहिल्या दहा-बारा खेळ्या म्हणजे डावाची पेरणी. तिथे जे पडले तेच पुढे उगवते. या पेरणीत आपल्याकडची हुशार मुले एक चूक हमखास करतात. ती चूक मीही केली आहे; इतकेच नव्हे, तर एका मुलाला करायला लावली आहे. म्हणूनच आज बोलावेसे वाटले.

बुद्धिबळ हा पुण्या-मुंबईकडच्यांचा खेळ, आपल्या मुलांना तो काय जमणार, असे म्हणणारे लोक पूर्वी पुष्कळ भेटत. आता ते म्हणता येणार नाही. इथून दीडशे किलोमीटरांवरच्या नागपूरची मुलगी, दिव्या देशमुख, हिने २०२५ च्या जुलै महिन्यात जॉर्जिया देशातील बातुमी या गावी महिलांचा विश्वचषक जिंकला. तो मान मिळवणारी ती पहिली भारतीय. तेव्हा तिचे वय होते अवघे १९. उपान्त्य फेरीत तिने चीनची माजी जगज्जेती तान झोंगयी हिला हरवले. अंतिम सामना झाला आपल्याच कोनेरू हंपी हिच्याशी. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव झाले. त्यातला पहिलाही बरोबरीत सुटला, आणि दुसरा दिव्याने जिंकला तो काळ्या मोहऱ्या घेऊन. हे ध्यानात ठेवा बरं का! ज्याची काळ्याची तयारी कच्ची, त्याचा अर्धा खेळच कच्चा. कारण स्पर्धेत निम्मे डाव आपल्या वाट्याला काळेच येतात.

आता माझी गोष्ट ऐका.

मी तालुक्याच्या शाळेत गणित शिकवीत असे. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात दोन पट मांडले जात. त्यात एक मुलगा विशेष चलाख होता. वडील दुसऱ्याच्या वावरात राबणारे, घरी पट नाही, पुस्तक तर नाहीच. त्याची चमक पाहून मी त्याला एक तिखट डाव शिकवला. आपल्यापाशी पट असेल तर पुढ्यात घ्या. नसेल तर नुसते ऐका.

पांढऱ्याने राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. काळ्यानेही तेच केले. पांढऱ्याने राजाकडचा घोडा बाहेर काढून काळ्याच्या त्या प्याद्यावर नेम धरला. काळ्याने वजिराकडचा घोडा बाहेर काढून त्याला जोर दिला. पांढऱ्याने राजाकडचा उंट चौथ्या ओळीपर्यंत बाहेर आणला. या उंटाची नजर कुठे आहे? काळ्या राजाशेजारच्या उंटासमोरच्या प्याद्यावर. सुरुवातीच्या मांडणीत हे प्यादे सर्वांत दुबळे. त्याला राजाखेरीज कोणाचाच जोर नसतो. काळ्याने आता दुसरा घोडा बाहेर काढून पांढऱ्याच्या राजासमोरच्या प्याद्यावर मारा धरला. याला दोन घोड्यांचा बचाव म्हणतात.

आता पांढऱ्याचा घोडा पुन्हा उडी मारून पाचव्या ओळीत जातो. त्या दुबळ्या प्याद्यावर उंट आणि घोडा असा दुहेरी मारा झाला. काळा आपले वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकून उंटाची वाट अडवतो. पांढरा ते प्यादे मारतो. काळा साहजिकच घोड्याने उलट मारतो. आणि मग येते ती गंमत! पांढरा आपला घोडा त्या दुबळ्या प्याद्यावर घालतो. घोड्याचा मारा एकदम वजिरावर आणि हत्तीवर. राजाला तो घोडा मारावाच लागतो. लगेच पांढरा वजीर बाहेर येऊन शह देतो, आणि त्याच वेळी काळ्याच्या पटाच्या मध्यावरच्या घोड्यावरही त्याचा मारा बसतो. घोडा वाचवायचा तर काळ्या राजाला स्वतः पुढे येऊन त्याला जोर द्यावा लागतो. राजा आला भर चौकात! ही इटालियन मंडळींची चारशे वर्षांपूर्वीची खेळी. तिला नाव मोठे विचित्र आहे : फ्राइड लिव्हर, म्हणजे तळलेली काळीज-कलेजी म्हणा ना.

मुलाने हे दोन दिवसांत पाठ केले. शाळेत सगळ्यांना हरवले. तालुक्याच्या स्पर्धेत सगळे डाव जिंकले. एक डाव तर चहा थंड होण्याआधी संपला. मी फुशारून गेलो. मग आली जिल्ह्याची स्पर्धा. तिथे समोर बसलेल्या मुलाने पाचव्या खेळीला घोड्याने प्यादे मारलेच नाही. त्याने वजिराकडचा घोडा पटाच्या कडेला नेऊन उंटावर मारा धरला. आमच्या गड्याने काय करावे? तो थांबला नाही. पाठ होते तसे घोड्याने प्यादे मारले, राजाने घोडा मारला, आणि याने वजीर बाहेर काढला. पण शह बसलाच नाही! कारण काळ्याचा दुसरा घोडा जागचा हललाच नव्हता. तो वजिराच्या वाटेत आडवा उभा. पुढच्याच खेळीत कडेच्या घोड्याने उंट खाल्ला. घोडा गेला, उंट गेला, हाती आली दोन प्यादी.

डाव संपल्यावर तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "गुरुजी, त्यानं घोड्यानं मारलंच नाही जी. तुम्ही तं असं सांगतलंच नव्हतं."

श्रोतेहो, त्याचे म्हणणे खरे होते. मी सांगितले नव्हते. समोरच्याने चूक केली तर आपण कसे जिंकतो एवढेच मी दाखवले होते. समोरच्याने चूक केली नाही तर काय, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला नव्हता. पुढे दीड-दोन महिने तो मुलगा पटाजवळ फिरकला नाही. हरल्याचे दुःख माणूस गिळतो. पण आपल्याला फसवे बियाणे दिले गेले, हे दुःख गिळवत नाही.

एका संध्याकाळी तो आपण होऊन आला. मी पट मांडला. तो नेहमीच्या जागी न बसता समोरच्या बाजूला जाऊन बसला आणि म्हणाला, "आज मी काळा घेतो." त्या दिवशी आम्ही त्याचा हरलेला डाव काळ्याच्या बाजूने पाहिला. मला जे इतकी वर्षे सुचले नव्हते ते त्या पोराने केले होते. त्याने पट फिरवला होता. आजच्या माझ्या बोलण्याचे सार एवढेच आहे. बाकी जे सांगतो तो त्याचा विस्तार समजा.

पहिली गोष्ट, सुरुवातीच्या खेळ्यांची शिदोरी किती बांधावी? पुस्तकांत शेकडो सुरुवाती आहेत. स्पॅनिश, सिसिलियन, फ्रेंच, राजाचा गॅम्बिट, वजिराचा गॅम्बिट. नावे ऐकूनच माणूस घाबरतो. नवशिक्याला यांतल्या तीनच पुरेत. एक, पांढऱ्या मोहऱ्या असताना आपण काय करणार. दोन, काळ्या मोहऱ्या असताना समोरच्याने राजाचे प्यादे टाकले तर काय. तीन, त्याने वजिराचे प्यादे टाकले तर काय. उदाहरणार्थ, पांढऱ्याने राजाचे प्यादे टाकून, घोडा आणि उंट काढून किल्लेकोट करावा. काळ्याने राजाच्या प्याद्याला राजाचेच प्यादे उत्तर द्यावे. वजिराच्या प्याद्याला वजिराचेच प्यादे द्यावे, आणि मागून राजाचे प्यादे एक घर सरकवून त्याला जोर द्यावा. हे तीन वाफे झाले. वर्षभर यांचीच डवरणी करा. चौथा वाफा दुसऱ्या वर्षी.

तीनच का? कारण नुसती खेळी आली म्हणजे सुरुवात आली असे नव्हे. तिचे कारण यावे लागते. आपली मोहरी कुठे बसणार, कोणते प्यादे पुढे ढकलायचे, कोणत्या बाजूला हल्ला करायचा आणि डाव शेवटाला आला तर कोणाचे पारडे जड, हे कळावे लागते. हे सगळे तीन सुरुवातींत शिकता येते. तीस सुरुवातींत नुसती नावे पाठ होतात.

आणि ही शिदोरी आपल्या स्वभावाची असावी. याचे एक फार सुंदर उदाहरण आपल्याच देशात घडले. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी, १८४८ च्या सुमारास, कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा एक स्कॉटिश बॅरिस्टर होता. तो त्या काळचा नामांकित खेळाडू. त्याला खेड्यातला एक बंगाली ब्राह्मण भेटला, महेशचंद्र बॅनर्जी. दोघांत शेकडो डाव झाले. जास्त डाव कॉक्रेनने जिंकले. पण महेशचंद्रांनीही त्याला पुष्कळदा पाणी पाजले. आपल्या जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर जाई. आपल्यातल्या म्हाताऱ्या मंडळींना पारावरचा तो खेळ आठवत असेल. त्या वळणाने महेशचंद्र प्यादी हळूहळू सरकवीत, उंट कोपऱ्यातून लांबवर नजर ठेवून बसवीत, आणि समोरच्याला पटाचा मध्य खुशाल घेऊ देत. मग त्या मध्यावरच घाव घालीत. युरोपातल्या लोकांना हे अडाणीपणाचे वाटले. पण पुढे काय झाले? १८५५ सालच्या त्यांच्या एका डावातली मांडणी १९२२ मध्ये व्हिएन्नाच्या अर्नस्ट ग्रुनफेल्डने खेळली आणि ती त्याच्या नावाने जगभर गाजली. आणि अशा सगळ्या बचावांना आज जग 'इंडियन डिफेन्स', म्हणजे भारतीय बचाव, म्हणून ओळखते. खेड्यातल्या माणसाने आपल्या वळणाचा खेळ समजून-उमजून खेळला, तर तो जगाची शिदोरी होतो. तेव्हा दुसऱ्याची ऐट पाहून आपली सुरुवात निवडू नका. शांत स्वभावाच्या मुलाला शांत डाव द्या. आडदांड मुलाला थोडा मोकळा द्या.

आता तिखट डावांकडे वळू. ज्यांत प्यादे किंवा मोहरे बळी देऊन हल्ला चढवायचा असतो त्यांना गॅम्बिट म्हणतात. हा शब्द मूळ इटालियन कुस्तीच्या भाषेतला; अर्थ पाय घालून पाडणे, म्हणजे आपली टांग. आणि टांग मारणारा पैलवान स्वतः एका पायावर असतो, हे आपण जाणताच.

आपल्याकडे धूळपेरणी करतात ना, तसेच हे आहे. पाऊस येण्याआधी कोरड्या मातीत सरकी टोबायची. पाऊस वेळेवर आला तर पऱ्हाटी शेजाऱ्याच्या आठ-पंधरा दिवस पुढे. नाही आला तर बियाणे गेले आणि दुबार पेरणी कपाळी. म्हणून शहाणा शेतकरी धूळपेरणी करीतच नाही असे नाही. पण सगळ्या वावरात करीत नाही. तीन सुरुवातींच्या शिदोरीत एखादाच फाटा असा तिखट ठेवावा, आणि तो घरी पुरता तपासल्याशिवाय स्पर्धेत काढू नये.

तपासायचा कसा? सोव्हिएत ग्रँडमास्टर अलेक्झांडर कोतोव यांनी याची तुलना झाडाशी केली आहे. एका खेळीतून दोन-तीन फांद्या फुटतात, प्रत्येक फांदीला पुन्हा डहाळ्या. आधी सगळ्या मोठ्या फांद्या मोजून घ्याव्यात, मग एकेक फांदी शेवटपर्यंत चढून पाहावी. एकीवरून दुसरीवर माकडासारख्या उड्या मारू नयेत. आपल्या मुलांसाठी मी ते असे सांगतो. एक साधी दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर आपली खेळी आणि तिचे कारण. उजव्या पानावर समोरच्याची सर्वांत चांगली उत्तरे. सर्वांत चांगली हं! आपल्याला सोयीची नव्हेत. ती शोधायची युक्ती म्हणजे पट खरोखर फिरवून समोरच्या जागी बसायचे, आणि स्वतःला तीन प्रश्न विचारायचे : मला शह देता येतो का? मला काही मारता येते का? मला एखादी धमकी देता येते का? या तिन्हींची यादी झाली की मग चौथा : यांपैकी काहीच न करता एखादी साधी, मागे सरकण्याची खेळी आहे का? पुष्कळदा तिखट डावाचे औषध अशाच सौम्य खेळीत असते.

आमच्या फसलेल्या डावालाच हे लावून पाहू. पाचव्या खेळीला काळा कोणती उत्तरे देऊ शकतो? घोड्याने प्यादे मारणे ही एक फांदी. तिथे पांढऱ्याला जोरदार हल्ला मिळतो; पण तिथेही काळा लगेच मरत नाही. वजिराकडचा घोडा भर चौकातल्या राजाच्या मदतीला धावतो आणि पांढऱ्याला नेमके खेळावे लागते. घोडा कडेला नेणे ही दुसरी फांदी. इथे पांढऱ्याने घाई करायची नाही. उंटाने शह द्यायचा. काळा प्यादे आड घालतो, प्याद्यांची मारामारी होते, आणि उंट निमूटपणे मागे घ्यायचा. पांढऱ्याकडे एक प्यादे जास्त राहते. पण काळा पुढे प्याद्यांनी घोड्याला हुसकावतो आणि त्याची मोहरी भराभर बाहेर पडतात. म्हणजे एकाकडे प्यादे, दुसऱ्याकडे वेळ. वहीत निकाल लिहायचा तो असा : पांढऱ्याला प्यादे आहे, काळ्याला पुढाकार आहे, कोणीही हरलेले नाही. 'पांढरा जिंकतो' असे लिहिणे म्हणजे स्वतःच्या डोळ्यांत धूळ फेकणे.

तिसरी फांदी आणखी आधीच फुटते, आणि ती तर अंगावर काटा आणणारी आहे. पांढऱ्याचा घोडा उडी मारून येतो तेव्हा काळा आपल्या दुबळ्या प्याद्याकडे पाहतच नाही. तो आपला राजाकडचा उंट बाहेर काढून पांढऱ्याच्या तशाच दुबळ्या प्याद्यावर रोखतो. कारेल ट्राक्सलर नावाच्या एका चेक पाद्र्याने हा डाव १८९० मध्ये खेळला होता. पांढऱ्याने लोभाने घोड्याने प्यादे मारून वजीर-हत्तीवर मारा केला, तर काळा उंट बळी देऊन शह देतो आणि पांढरा राजाच बाहेर ओढला जातो. पण पांढऱ्याने घोड्याऐवजी उंटाने ते प्यादे मारून शह दिला, तर काळ्या राजाला हलावे लागते, त्याचा किल्लेकोट जातो, आणि पांढरा एक प्यादे वर राहून तुलनेने सुखरूप असतो. पाहा, एकाच घरावर घोड्याने मारले तर वणवा, उंटाने मारले तर चूल. घरी पाहिले असेल तरच पटावर सुचते.

आणखी एक पथ्य. मारामारी चालू असताना मध्येच हिशोब थांबवू नये. 'मी घोडा मारला, मी पुढे आहे' असे म्हणून वही मिटायची नाही. धूळ खाली बसेपर्यंत, म्हणजे शह आणि मारामारी संपेपर्यंत जायचे, आणि मग मोहरी मोजायची. राजा कोणाचा उघडा आहे, आणि खेळी कोणाची आहे, हेही मोजायचे.

घरची तयारी कितीही पक्की असली तरी समोर माणूस बसलेला असतो, हेही विसरू नये. १९१८ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत अमेरिकेच्या फ्रँक मार्शलने क्यूबाच्या कापाब्लांकाविरुद्ध स्पॅनिश डावात घरी तयार केलेला एक नवा गॅम्बिट काढला. आपण दुसऱ्याने आखलेल्या वाटेवर चाललो आहोत हे कापाब्लांकाला कळत होते. तरी त्याने प्यादे घेतले, भयंकर हल्ला सोसला, पटावर बसल्या बसल्या बिनचूक बचाव शोधला आणि डाव जिंकला. मग तो गॅम्बिट मेला का? मुळीच नाही. नंतर काळ्यासाठी एक प्यादे एकच घर सरकवण्याची शांत खेळी सापडली, आणि आज मोठमोठे खेळाडू पांढऱ्या बाजूने त्या मार्शल हल्ल्याची वाटच चुकवतात. एका हरण्याने फाटा खोटा ठरत नाही. हरलेला डाव आपल्याला बांध कुठे फुटला ते दाखवतो. तिथे माती टाकायची, वावर विकायचे नाही.

आता मोबाईलविषयी. आज खेड्यातल्या मुलाच्याही हाती तो आहे, आणि स्टॉकफिशसारखा प्रोग्राम त्यावर फुकट मिळतो. जगातल्या कोणत्याही माणसाहून तो चांगला खेळतो. वाईट काय आहे त्यात? काहीच नाही, आमच्या पिढीला असे साधन स्वप्नातही नव्हते. पण तो खेळी सांगतो, कारण सांगत नाही. गणिताच्या पुस्तकात मागे उत्तरे असतात. जो आधीच मागचे पान पाहतो त्याला गणित येत नाही, हे मी जन्मभर पाहिले आहे. म्हणून क्रम पाळा. आधी स्वतः पट मांडून पाहा, वहीत लिहा, आणि मग यंत्राला विचारा. यंत्राचे उत्तर वेगळे आले तर त्याच्यापुढे मान तुकवून थांबू नका. आपण सुचवलेली खेळी यंत्रावर खेळून पाहा, म्हणजे ते तिला कसे मोडते हे दिसेल. आपण कुठे चुकलो ते सापडले की ती ओळ लाल शाईने लिहा. वहीत लाल शाई जितकी जास्त, तितकी ती वही मोलाची.

शेवटचे दोन शब्द माझ्या शिक्षक बांधवांना आणि भगिनींना. आपल्याला बुद्धिबळ उत्तम येत नसले तरी चालेल. शाळेत दोन पट असू द्या. आठवड्यातून एक दिवस असा ठेवा की त्या दिवशी कोणी जिंकायचे नाही, फक्त शोधायचे. एका मुलाने आपला आवडता डाव मांडावा आणि बाकीच्या सगळ्यांनी मिळून तो मोडायचा प्रयत्न करावा. मग पट फिरवावा, आणि ज्याने मांडला त्यानेच तो मोडावा. आपले मत आपणच तपासणे मुलांना फार जड जाते, मोठ्यांनाही जाते. इथे ते हसतखेळत शिकता येते. आणि एखादी चटकन जिंकून देणारी युक्ती शिकवण्याचा मोह झाला, तर तिच्यासोबत तिचे उत्तरही त्याच दिवशी शिकवा. उद्यावर ठेवू नका. मी ठेवले होते.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. दुसऱ्या वर्षी जिल्ह्याच्या त्याच स्पर्धेत पुन्हा एकाने त्याच्याविरुद्ध घोडा पटाच्या कडेला नेला. या खेपेला आमच्या गड्याने उंटाने शह दिला, उंट मागे घेतला, एका प्याद्याला चिकटून राहिला आणि पन्नासावर खेळ्यांनी डाव बरोबरीत सुटला. बक्षीस काही मिळाले नाही. पण बाहेर येऊन तो म्हणाला, "गुरुजी, त्याच्या साऱ्या खेळ्या मले आधीच दिसत होत्या जी." तालुक्याच्या स्पर्धेत सगळे डाव जिंकला तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला नव्हता.

तेव्हा श्रोतेहो, आज रात्री जेवणे आटोपली की घरातला पट काढा. नसेल तर कोयनेल कागदाचा... नव्हे, साध्या पुठ्ठ्याचा आखा. सरकी, तुरीचे दाणे आणि बटणे यांची मोहरीही चालतील. आपला आवडता डाव मांडा, त्यातली सर्वांत लाडकी खेळी करा, आणि मग उठून समोरच्या जागी जाऊन बसा. तिथून आपला डाव कसा दिसतो ते एकदा पाहा. एवढे आपण केलेत, तर माझे आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.